देवघेव : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

कपाटातली पुस्तकं मोजली. असायला हवीत त्यापेक्षा बरीच कमी भरली. कोणाकडे काय गेलंय हे डोक्यात राहत नाही आणि स्प्रेडशीट मी उत्साहानं सुरू करून महिन्याभरात सोडून देते. म्हणून हा प्रकल्प, एक छोटं वेब-ॲप. नाव ‘देवघेव’. पुस्तक, नेणारा, कधी दिलं, कधी परत आलं. बस्स.

पायथन येतं, पण वेबसाठी कधी वापरलेलं नाही. कोणतं फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) घ्यायचं यात अख्खी सकाळ गेली. फ्लास्क आर्मिन रोनाखरचं, २०१० साली एप्रिल फूलच्या थट्टेतून निघालेलं. पाच-सात ओळींत पान दिसतं, पण डेटाबेस, लॉगिन, फॉर्म हे सगळं आपण निवडून जोडायचं. फास्टएपीआय २०१८चं. टाइप हिंट्स (कोडमध्ये लिहिलेले डेटाचे प्रकार) वाचून आलेला डेटा तपासतं, हे भारी आहे. पण मला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना डेटा पुरवणारी सोय) नकोय, पानं हवीत.

शेवटी जँगो, आणि तेही एकाच कारणासाठी: ॲडमिन, म्हणजे डेटा भरायची तयार पानं. हे फ्रेमवर्क कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात तयार झालं. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये सुरुवात केली, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना कोडला हात न लावता मजकूर भरता यावा, ही त्या कचेरीची रोजची गरज. म्हणून मॉडेल (डेटाच्या टेबलाचा आराखडा) लिहिलं की भरायचा स्क्रीन आयता मिळतो. मलाही पहिल्या दिवसापासून पुस्तकं भरायला सुरुवात करायची आहे, पानं सावकाश होतील.

आवृत्ती ५.२. एप्रिल २०२५ मध्ये आलीय आणि दीर्घ मुदतीची आहे, म्हणजे एप्रिल २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील. पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं, ते आहे.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) बनवलं, त्यात पिप या साधनानं जँगो टाकलं. आज इथेच थांबते.

८ जून, रविवार

स्टार्टप्रोजेक्ट, नवा प्रकल्प उभा करणारी कमांड. आधी गंमत म्हणून नाव ‘टेस्ट’ दिलं, तर जँगोनं चक्क नकार दिला: या नावाचं मॉड्यूल पायथनमध्ये आधीच आहे. बरं केलं. नाहीतर ‘इम्पोर्ट टेस्ट’ म्हटल्यावर कोणतं उचललं जाईल यावर एखादी संध्याकाळ वाया गेली असती.

मग ‘देवघेव’ दिलं, तर देवघेवच्या आत देवघेव असं फोल्डर तयार झालं. बाहेरचं कोणतं, आतलं कोणतं, यात मी दोनदा चुकीच्या जागी उभी राहून कमांड मारली. सगळं पुसून परत केलं. या वेळी बाहेरच्या फोल्डरला ‘कॉन्फिग’ नाव न देता आतल्याला दिलं आणि कमांडच्या शेवटी एक टिंब. टिंब म्हणजे ‘इथेच कर, नवं फोल्डर नको’. आता मॅनेज.पाय (सगळ्या कमांड जिच्यातून चालतात ती फाइल) वर दिसतं, सेटिंग्ज ‘कॉन्फिग’मध्ये. नजरेला बरं वाटतं.

रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा कामापुरता सर्व्हर, चालवलं. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१, पोर्ट ८०००, आणि जँगोच्या स्वागताच्या पानावर रॉकेट उडालं! टर्मिनलवर मात्र लाल अक्षरं: १८ मायग्रेशन्स (डेटाबेसच्या टेबलांतले बदल) लागू व्हायची बाकी आहेत, ॲडमिन, ऑथ, कंटेंटटाइप्स, सेशन्स. मी एक ओळही लिहिली नव्हती आणि १८ बाकी कशी? तर ही जँगोबरोबर येणाऱ्या ॲप्सची टेबलं. यूजर, गट, परवानग्या, सेशन.

लाल अक्षरं बघवत नाहीत म्हणून लगेच मायग्रेट (ते बदल लागू करणारी कमांड) मारलं. सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, बनवला. ॲडमिन उघडला. झकास.

१० जून, मंगळवार

नवं टर्मिनल उघडलं, रनसर्व्हर म्हटलं, तर ‘जँगो नावाचं मॉड्यूल सापडत नाही’. एन्व्हायर्नमेंट चालू करायला विसरले होते. एवढंच. आवृत्त्यांची यादी रिक्वायरमेंट्स फाइलीत टाकून ठेवली.

१२ जून, गुरुवार

‘पुस्तकं’ हे ॲप काढलं. प्रोजेक्ट आणि ॲप यांतला फरक मला आज कळला. प्रोजेक्ट म्हणजे सगळ्याची मांडणी, ॲप म्हणजे एका विषयाचं सामान: त्याची मॉडेल्स, त्याचे व्ह्यूज (पान तयार करणारा कोड), त्याची मायग्रेशन्स. ॲप बनवून सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड_ॲप्स यादीत नाव टाकायला विसरले. मेकमायग्रेशन्सनं (मॉडेल्सवरून मायग्रेशन फाइली बनवणारी कमांड) त्याचं नावही घेतलं नाही, नुसतं ‘काही बदल नाहीत’. खोटं नव्हतं म्हणा. त्याला ॲपच माहीत नव्हतं.

मॉडेल्स चार: प्रकार, पुस्तक, माणूस आणि नोंद. नोंदीत दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी फील्ड्स), एक पुस्तकाकडे, एक माणसाकडे. इथे ऑन_डिलीट (ती दुसरी ओळ पुसली तर काय करायचं) लिहावंच लागतं, जँगो २.०पासून सक्तीचं आहे. सगळीकडे दिसतं म्हणून कॅस्केड लिहिलं. ॲडमिनमध्ये एक माणूस चाचणीपुरता पुसायला गेले, तर मधलं पान आलं: याच्याबरोबर खालच्या नोंदीही जातील, आणि खाली त्याच्या नावावरच्या दोन्ही देवघेवींची यादी. हात मागे घेतला. माझ्यासाठी तो माणूस महत्त्वाचा नाहीच मुळी, पुस्तक कुठे गेलं हे महत्त्वाचं. कॅस्केडच्या जागी प्रोटेक्ट. आता नोंदी असलेला माणूस पुसताच येत नाही.

‘दिल्याची तारीख’ या फील्डला डिफॉल्ट म्हणून आजची तारीख दिली: डेट.टुडे, पुढे कंस. मेकमायग्रेशन्सनं पिवळ्या अक्षरांत काहीतरी इशारा दिला, डब्ल्यू१६१ वगैरे. काम झालं होतं, म्हणून पुढे गेले.

ॲडमिनमध्ये २३ पुस्तकं भरली.

१३ जून, शुक्रवार

माणूस मॉडेलमध्ये फोन नंबरासाठी एक फील्ड वाढवलं. मेकमायग्रेशन्स म्हणतं दोन बदल आहेत. दुसरा कुठला? ‘दिल्याची तारीख’ बदलली म्हणे. मी तर तिला हात लावला नव्हता.

कालची मायग्रेशन फाइल उघडली. डिफॉल्टच्या जागी स्वच्छ लिहिलेलं: २०२५, ६, १२. म्हणजे कंस दिल्यामुळे डेट.टुडे हे मॉडेल वाचतानाच एकदा चाललं आणि त्यातून आलेली तारीख तिथे गोठून बसली. आज फाइल परत वाचली गेली, तारीख १३ झाली, जँगोला वाटलं मी डिफॉल्ट बदललं. उद्या १४ होईल. रोज एक मायग्रेशन! आणि त्याहून वाईट म्हणजे सर्व्हर चार दिवस सलग चालला असता तर चौथ्या दिवशीच्या नोंदीवरही पहिल्या दिवसाची तारीख पडली असती, कोणतीही एरर न येता.

उपाय म्हणजे कंस काढणे. फंक्शनचं उत्तर नाही द्यायचं, फंक्शनच द्यायचं. प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी जँगो ते स्वतः चालवतं. कालचा पिवळा इशारा नेमकं हेच सांगत होता: तुम्ही ठरावीक तारीख दिलेली दिसते, हे तुम्हाला नको असावं. दोन ओळी वाचायचे कष्ट वाचवले आणि आजची संध्याकाळ घालवली.

१४ जून, शनिवार

आजचा दिवस स्लगनं, म्हणजे नावावरून बनणाऱ्या वेबपत्त्याच्या तुकड्यानं, खाल्ला.

वेबपत्त्यात नंबरापेक्षा शब्द छान दिसतात. म्हणून प्रकाराच्या मॉडेलमध्ये स्लग फील्ड, युनिक (तीच किंमत दोनदा चालणार नाही असं), ॲडमिनमध्ये न दिसणारं, आणि सेव्ह होताना नावावर स्लगिफाय हे जँगोचं फंक्शन चालवायचं. ‘कविता’ हा प्रकार भरला, सेव्ह झाला. ‘इतिहास’ भरला आणि फुटलं: युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड. कविता आणि इतिहास एकसारखे कसे होतील?

शेलमध्ये (एकेक ओळ चालवून बघायची जागा) जाऊन बघितलं. स्लगिफाय ‘कविता’ला देतं रिकामी स्ट्रिंग. ‘इतिहास’लाही रिकामी. डीफॉल्ट वागणूक अशी की ॲस्कीत (इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा जुना संच) न बसणारं सगळं टाकून द्यायचं, आणि देवनागरीतलं एकही अक्षर ॲस्कीत नाही. पहिली रिकामी स्ट्रिंग खपली, दुसरी धडकली.

मग अलाउ_युनिकोड हा पर्याय सापडला. तो ट्रू केला आणि परत ‘कविता’.

उत्तर आलं: ‘कवत’.

मी थोडा वेळ स्क्रीनकडे नुसती बघत बसले. ‘इतिहास’चं ‘इतहस’. ‘प्रवासवर्णन’चं ‘परवसवरणन’. काना नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. बालवाडीतल्या पोरानं लिहावं तसं.

कारण शोधल्याशिवाय झोप लागली नसती. स्लगिफाय आत एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर गाळायचा नमुना) चालवतं: शब्दातलं अक्षर, मोकळी जागा आणि हायफन सोडून बाकी सगळं काढ. ‘शब्दातलं अक्षर’ कोणतं हे पायथनचं रे मॉड्यूल ठरवतं, आणि त्याच्या लेखी अक्षर म्हणजे इझॲल्नम (अक्षर-आकडा ओळखणारं फंक्शन) ज्याला हो म्हणेल ते. युनिकोडमध्ये क, व, त ही अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी आणि हलन्त हे ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात. ‘कविता’मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथनला पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं): क, व, ऱ्हस्व वेलांटी, त, काना. त्यातले दोन गाळणीत गळून गेले. बग कुणाचा म्हणावं? नियम प्रत्येकानं आपापला पाळलाय. मात्रा म्हणजे अक्षराचा भाग हे मात्र कुणी त्या नियमांना सांगितलेलं नाही.

स्वतःचं स्लगिफाय लिहायला बसले होते. मग कळलं की पत्त्यांसाठीचा जँगोचा स्लग कन्व्हर्टरही फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर ओळखतो, म्हणजे तोही नवा लिहायचा. आणि एवढं करून पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसणार. स्लग काढून टाकला. पत्त्यात नंबर. प्रकार/३. सुंदर नाही, पण फुटत नाही.

१५ जून, रविवार

ताई आली होती. ती हेच काम रोज करते. कौतुकानं दाखवायला बसले.

तिनं ॲडमिन बघितला, मॉडेल्स बघितली, आणि पहिला प्रश्न: “यूजर मॉडेल स्वतःचं केलंयस ना?”

“नाही गं, जँगोचंच आहे. पुरेसं आहे की.”

“आज पुरेसं आहे. उद्या ईमेलनं लॉगिन करायचं ठरवलंस तर? मायग्रेट मारलंस का?”

“पहिल्याच दिवशी.”

ती हसली. मग तिनं दस्तऐवजातला परिच्छेद काढून दिला: नव्या प्रकल्पात स्वतःचं यूजर मॉडेल ठेवायचं, तर ते पहिल्या मायग्रेटच्या आधीच ठेवा. कारण यूजरच्या टेबलाला बाकीची टेबलं धरून असतात. ॲडमिनच्या इतिहासात कोणी काय बदललं याची फॉरेन की यूजरकडे, उद्या पुस्तकाच्या मालकाचीही तिकडेच. मधेच यूजर बदलायचा म्हणजे या सगळ्या गाठी हातानं सोडवायच्या.

माझा हट्ट, बघू तरी काय होतं. ‘खाती’ नावाचं ॲप काढलं, त्यात जँगोच्या ॲब्स्ट्रॅक्टयूजरवरून घेतलेला क्लास, आत फक्त पास, म्हणजे काहीच न करणारी ओळ. सेटिंग्जमध्ये ऑथ_यूजर_मॉडेल. मेकमायग्रेशन्स झालं. मायग्रेट: इन्कन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी. ॲडमिनचं पहिलं मायग्रेशन ज्यावर अवलंबून आहे ते खात्यांचं पहिलं मायग्रेशन अजून लागूच झालेलं नाही, आणि ॲडमिनचं मात्र आठवड्यापूर्वी झालंय. घराचा वरचा मजला आधी, पाया नंतर. जँगो म्हणतं, हे मी करणार नाही.

“आत्ता तुझी २३ पुस्तकं आहेत,” ताई म्हणाली. “डेटाबेस उडव. पुढच्या महिन्यात नाही उडवता येणार.”

डम्पडेटानं फक्त ‘पुस्तकं’ या ॲपचा डेटा जेसॉनमध्ये काढून ठेवला. एसक्यूलाइटची, म्हणजे डेटाबेसची, फाइल पुसली. ‘पुस्तकं’मधली माझी जुनी मायग्रेशन्सही पुसली, तारखेच्या घोळाची आणि स्लगची उगाच वाढलेली होतीच. नव्यानं मेकमायग्रेशन्स, मायग्रेट, सुपरयूजर, लोडडेटा. पुस्तकं परत आली. सगळं मिळून अर्धा तास.

लाल अक्षरं बघवत नाहीत म्हणून मारलेली ती एक कमांड. दस्तऐवजात सगळं लिहिलेलं आहे, फक्त सुरुवातीच्या धड्यात आधी मायग्रेट येतं आणि ही सूचना दुसऱ्याच पानावर.

१८ जून, बुधवार

पानं. यूआरएल, व्ह्यू, टेम्प्लेट ही साखळी एकदा डोक्यात बसली की बाकी सरळ आहे. नव्या नोंदीचा फॉर्म पाठवला तर ४०३ (परवानगी नाही), सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची खूण) टेम्प्लेटमध्ये टाकलं नव्हतं. सेव्ह झाल्यावर त्याच पानावर रिफ्रेश दाबलं तर नोंद दोनदा. पोस्टनंतर (फॉर्म पाठवल्यावर) रीडायरेक्ट करायला, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवायला, हवं होतं. दोन्ही दहा मिनिटांत सुटलं.

मुख्य यादीसाठी शेलमधून ४० खोट्या नोंदी भरल्या आणि डीबग टूलबार लावला. क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न): ८१. यादीची एक, मग टेम्प्लेटच्या लूपमध्ये प्रत्येक नोंदीवर ‘नोंद.पुस्तक’ म्हटलं की एक आणि ‘नोंद.माणूस’ म्हटलं की आणखी एक. ४० दुणे ८०. आणि माणसं मी सहाच बनवली होती! तरीही तोच माणूस प्रत्येक ओळीसाठी नव्यानं आणला जातो. कोडमध्ये कुठेही क्वेरी लिहिलेली दिसत नाही, नुसतं एक टिंब दिसतं, आणि त्या टिंबात डेटाबेसपर्यंतची फेरी लपलेली असते. सिलेक्ट_रिलेटेडमध्ये (जोडलेल्या ओळीही एकाच क्वेरीत आणणारं) पुस्तक आणि माणूस दिले. क्वेरी: १.

२० जून, शुक्रवार, मध्यरात्रीनंतर

१२ वाजून ४० मिनिटांनी नोंद केली. दिल्याची तारीख १९ पडली. सेटिंग्जमध्ये टाइम_झोन यूटीसीच (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) आहे, कधी बदललाच नाही, आणि यूटीसीमध्ये अजून काल आहे. आपला झोन लिहिला. डिफॉल्टला डेट.टुडेऐवजी जँगोचं टाइमझोन.लोकलडेट दिलं. कंस नाही.

२१ जून, शनिवार

ताईला तिची पुस्तकंही यातच ठेवायची आहेत. म्हणजे पुस्तकाला मालक हवा.

मालक हे फील्ड जोडलं तर मेकमायग्रेशन्स अडून बसलं: आधीपासून असलेल्या ओळींमध्ये काय भरू? एकदाच वापरायची किंमत दे, नाहीतर बाहेर पड. माझा यूजर क्रमांक १, म्हणून १ दिलं. सगळी जुनी पुस्तकं माझ्या नावावर झाली. वारसाहक्क इतका सोपा कुठेच नसेल.

लॉगिन आयतं आहे, टेम्प्लेट फक्त रजिस्ट्रेशन फोल्डरात ठेवायचं. लॉगिन केल्यावर अकाउंट्स/प्रोफाइल नावाच्या नसलेल्या पानावर पाठवलं जातं, ते सेटिंग्जमध्ये बदललं. लॉगआउटनं मात्र छळलं. जुनी उदाहरणं सांगतात साधी लिंक द्या. दिली, तर ४०५, म्हणजे अशी विनंती चालत नाही. लॉगआउट गेट विनंतीनं (साध्या लिंकनं) करणं जँगो ५.०पासून बंद आहे, आता छोटा फॉर्म आणि पोस्ट. उदाहरणाची तारीख आधी बघायची सवय लावली पाहिजे.

यादीच्या क्वेरी एकाच्या तीन झाल्या: सेशन, यूजर, यादी. हे रास्त आहे.

मग एक गोष्ट सहज करून बघितली. ताईच्या नावानं चाचणीचं खातं काढलं, लॉगिन केलं, आणि पत्त्यात माझ्या नोंदीचा नंबर टाकला. नोंद/७. उघडली! यादीत मालकाची गाळणी होती, पण एका नोंदीच्या पानावर नव्हती. लॉगिन आहे म्हणजे सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते. आता नोंद शोधतानाच पुस्तकाचा मालक जुळला पाहिजे, नाहीतर ४०४. आणि यासाठी पहिली टेस्ट लिहिली: दोन यूजर, एकाची नोंद, दुसऱ्यानं मागितली तर ४०४. टेस्ट वेगळ्या डेटाबेसवर चालतात हे वाचून मगच चालवली. २३ पुस्तकं परत भरायची हौस नव्हती.

२२ जून, रविवार

सीक्रेट की (जँगो लॉगिन वगैरे ज्यानं सुरक्षित ठेवतं ती गुप्त किल्ली) गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेलेली. आपोआप बनलेल्या कीच्या सुरुवातीलाच ‘जँगो-इन्सिक्युअर’ असं लिहून ठेवतात, तरी मी ती ढकलली. फाइलीतून पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. नवी की बनवली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचायची व्यवस्था केली. जुनी आता कुणाला मिळाली तरी काही उघडत नाही. सगळ्यांना, म्हणजे मला, परत लॉगिन करावं लागलं.

२५ जून, बुधवार

घरातल्या दुसऱ्या मशीनवर चालवायचं. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) फॉल्स केलं, तर सर्व्हर सुरूच होईना: अलाउड_होस्ट्स (कोणत्या पत्त्यांवर चालायचं) भरा. भरलं. ॲडमिन उघडला आणि हबकले. निळी पट्टी नाही, रकाने नाहीत, पांढऱ्या पानावर निळ्या लिंकांची माळ. आधी वाटलं फाइली गेल्या. फाइली जागेवर होत्या. रनसर्व्हर सीएसएस (पानाची सजावट) वगैरे फक्त डीबग चालू असतानाच पुरवतं, खऱ्या वापरासाठी ते नाहीच. स्टॅटिक_रूट ठरवलं, कलेक्टस्टॅटिक (त्या फाइली एका जागी गोळा करणारी कमांड) चालवलं, त्या पुरवणारं व्हाइटनॉइज बसवलं, मिडलवेअरच्या (प्रत्येक विनंती ज्यातून जाते ते टप्पे) यादीत सिक्युरिटीच्या लगेच खाली. समोर गनिकॉर्न, खऱ्या वापराचा सर्व्हर. पट्टी परत आली.

चेक, पुढे डिप्लॉय: बाहेर न्यायच्या आधी सेटिंग्ज तपासणारी कमांड. एचटीटीपीएसबद्दल चार इशारे आले. पिवळी अक्षरं आता वाचते. घराच्या नेटवर्कबाहेर न्यायच्या आधी ते सोडवायचे आहेत, तोवर बाहेर नाही.

२८ जून, शनिवार

४० खोट्या नोंदी पुसल्या. ताईचं खरं खातं काढून दिलं. तिनं माझ्यासमोरच लॉगिन केलं, स्वतःचं एक पुस्तक भरलं, माणसांच्या यादीत एक नाव वाढवलं आणि नोंद सेव्ह केली. दिल्याची तारीख हातानं मागे नेली, दोन वर्षं.

नोंद काय आहे ते मला दिसत नाही, ४०४ येतो. पण नाव टाइप करताना मी बघितलं. माझंच होतं. पुस्तक कपाटात मागच्या रांगेत सापडलं.